अँटेना किती उंच लावावी

माझ्या एकोणीस फुटी शिडाच्या होडीवर जहाजे ओळखणारे यंत्र बसवायचे ठरले, ते एका कोळशाच्या जहाजामुळे. डिसेंबरातली सकाळ होती. जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर भाट्याच्या खाडीतून बाहेर पडून मी उत्तरेला निघालो होतो. समुद्रावर दुधाळ धुरके होते. जहाजाचा आवाज आलाच नाही. आधी डिझेलचा वास आला. मग धुरक्याचा एक तुकडा काळा होत गेला आणि गंजकी भिंत माझ्या समोरून सरकू लागली. बराच वेळ सरकत राहिली. फार वर कुठेतरी खिडक्या होत्या. खिडकीत माणूस नव्हता. भिंत संपली, धुरके पुन्हा मिटले, आणि मग लाटा आल्या. त्या जहाजावरच्या कुणी मला पाहिले की नाही, हे मला आजही माहीत नाही.

घरी मी काही बोललो नाही. बायकोने चहा पुढे ठेवला, माझा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "होडी विका, नाहीतर तिला काहीतरी लावा. रिटायर झालात म्हणजे सुटलात असं नाही."

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. प्रश्न आला की त्यावरचे जे हाती लागेल ते वाचायचे, ही खोड जात नाही. वाचले ते थोडक्यात असे: मोठी जहाजे आणि आता बऱ्याच मासेमारी बोटीही आपले नाव, जागा, वेग आणि दिशा दर काही सेकंदांनी रेडिओवरून सांगत असतात. ते ऐकणारे यंत्र आपल्याकडे असले की पडद्यावर प्रत्येकाचा एक त्रिकोण उमटतो आणि शेजारी नाव येते. काही यंत्रे नुसती ऐकतात, काही आपलेही नाव सांगतात. ही बोलणी दोन वाहिन्यांवर चालतात. स्वस्त यंत्र एका वेळी एकच वाहिनी ऐकते, म्हणजे समोरचा बोलतो त्यातले निम्मे त्याला कळते. सभांना बसून बसून मलाही तेवढेच कळत असे, पण समुद्रावर ते पुरत नाही. मी दोन्ही वाहिन्या ऐकणारे, पण स्वतः न बोलणारे यंत्र घेतले. आपले नाव दर अर्ध्या मिनिटाने जाहीर करण्याइतका मी कधीच महत्त्वाचा नव्हतो.

अँटेनाचा प्रश्न मात्र वाचून सुटेना. ती मागच्या कठड्यावर लावायची की डोलकाठीच्या टोकावर? आमच्याकडे बोटींवरचे रेडिओ आणि मासे शोधणारी यंत्रे दुरुस्त करणारा एक माणूस आहे. बंदराजवळ त्याचे छोटे दुकान आहे. पन्नाशीचा, कमी बोलणारा, हाताला सोल्डरिंगचे जुने चटके. मी त्याला भाऊ म्हणतो, तो मला सर म्हणतो. मी आणलेली केबल त्याने दोन बोटांत धरली.

"ही टीव्हीची हाय, सर."

"केबल ती केबल."

"मंग टीव्हीच बघा बोटीवर." त्याने ती बाजूला ठेवली आणि जाड, काळी केबल मापून कापली. कठड्यावर की टोकावर, यावर तो म्हणाला, "मोठी जहाजं उंच असतात. ती खालून पण ऐकू येतात. टोकावर लावलीत तर छोट्या बोटी जास्त ऐकू येतील. छोट्यांपासून तुम्हाला काय धोका?"

त्याचे म्हणणे बरोबर होते. पण मी तीन प्रकारच्या अँटेना मागवून बसलो होतो आणि मला त्यांची परीक्षा घ्यायची होती. आमचे घर टेकडीच्या उतारावर, समुद्राकडे तोंड करून आहे. मी गच्चीवर बांबू बांधला, त्यावर आळीपाळीने एकेक अँटेना चढवली आणि खाली बैठकीत लॅपटॉप ठेवून वहीत नोंदी करू लागलो. आखूड अँटेनाला जयगडच्या बंदरापुढे नांगरून पडलेली जहाजे ऐकू येत. मधलीला त्याच्याही पुढची. आठ फुटी लांब अँटेना बांबूच्या टोकाला चढवली, त्या संध्याकाळी पडद्यावर पंधरा-वीस नवे त्रिकोण उगवले. बहुतेक मासेमारी बोटी. त्यांतला एक वायव्येला, किनाऱ्यापासून सात-आठ सागरी मैलांवर होता, एकटाच. वेग अर्धा नॉट, म्हणजे तासाला अर्धा सागरी मैल. ओहोटीबरोबर बाहेर सरकत होता. मी त्याचे नाव वहीत उतरवून घेतले. ते नाव इथे लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी मी बंदराजवळच्या चहाच्या टपरीवर वही घेऊन गेलो. आयुष्यभर मी लोकांच्या भाषणांना हसत आलो, आणि त्या दिवशी मी स्वतःच एक भाषण केले. माझी अँटेना किती लांबचे ऐकते याचा पुरावा म्हणून मी नावे वाचून दाखवू लागलो. पनामाची जहाजे झाली, लायबेरियाची झाली, मग आमच्याच बोटी. ते नाव वाचले तेव्हा बाकावरच्या दोघांनी कप खाली ठेवले. एकजण उठून निघून गेला. चहावाल्याने स्टोव्ह बारीक केला आणि म्हणाला, "सर, ते परत वाचू नका."

"का?"

"ती बोट नाय आता. चार वर्षं झाली."

दुपारी भाऊ माझ्या घरी आला. दुकान उघडे टाकून आला होता. पडद्यासमोर उभा राहिला, पण दुपारी तिथे तो त्रिकोण नव्हता. संध्याकाळपर्यंत तो गच्चीच्या जिन्यावर बसून राहिला. सातच्या सुमारास नाव उमटले, आदल्या दिवशीच्याच जागेच्या आसपास. त्याने पडद्यावर बोट ठेवले आणि लगेच काढून घेतले.

ती बोट त्याच्या थोरल्या भावाची होती. लहानशी लाँच. चार वर्षांपूर्वीच्या एका संध्याकाळी खलाशी आला नाही म्हणून थोरला एकटाच जाळे टाकायला गेला आणि परत आला नाही. काय झाले ते कुणाला कळले नाही. दोन बोये आणि डिझेलचा कॅन सापडला. माणूस सापडला नाही, बोट सापडली नाही, आणि जिच्यावर नाव रंगवलेले असते ती पुढची फळीही सापडली नाही.

"पण हे नाव बोटीवरचा रेडिओचा डबा सांगतो," मी म्हणालो. "बोट गेली तर डबा कुठून बोलतोय?"

"डबा बोटीत नव्हता." तो जिन्याकडे बघत होता. "डबा माझ्या टेबलावर होता."

असे डबे एका समारंभात वाटले गेले होते. त्या समारंभाला मी प्रेक्षक म्हणून होतो. व्यासपीठावर डब्यांना हार घातले होते. मच्छीमार आता अंतराळयुगात गेल्याचे तीन वक्त्यांनी सांगितले आणि ज्यांना जायचे होते ते मच्छीमार मागे उभे होते, कारण खुर्च्या पुरल्या नव्हत्या. थोरल्याच्या डब्याची बॅटरी टिकेना म्हणून त्याने तो दुरुस्तीला भाऊकडे टाकला. भाऊ म्हणाला, दोन दिवसांनी ने. थोरला दुसऱ्याच दिवशी गेला. त्याच्या लाँचने आपले नाव त्या रात्री कुणालाच सांगितले नाही.

पुढे दुकान हलवताना भाऊने तो दुरुस्त झालेला डबा मोडक्या रेडिओंच्या ढिगाबरोबर भंगारात दिला. तो डोळ्यांसमोर नको होता.

"आतलं नाव पुसलं नाहीत?"

"नाव आम्ही पुसत नाय, सर." त्यांच्या घराण्यात बोट मोडीत काढली तरी नावावर रंग फिरवत नाहीत. नावाची फळी सोडवून घेतात, भरतीला समुद्रात नेतात आणि नारळ वाहून तिला पाण्यात सोडतात. फळीच मिळाली नाही, तेव्हा नावाचे काही करायचे राहूनच गेले. त्यात एका डब्यातले नाव वायर जोडून खोडून टाकायचे, हे त्याच्याने झाले नाही. कुठल्याही बाहेरच्या मेकॅनिकने ते दहा मिनिटांत खोडले असते.

तो उतरून जाताना म्हणाला, "अँटेना काढा. वहिनीच्या कानावर जायला नको."

ते सकाळीच गेले होते. टपरीवरच्या बाकावरून जो उठून गेला, त्याची बायको तिच्या शेजारी राहते.

वहिनी दुसऱ्या दिवशी सहा वाजता आली. चपला बाहेर काढून, पदर सावरून, हातात पिशवी घेऊन. गळ्यात मंगळसूत्र होते. चार वर्षांत तिने ते काढू दिले नव्हते आणि दिवसही घालू दिले नव्हते. माझ्या बायकोने तिला पडद्यासमोर प्लास्टिकची खुर्ची दिली. सातला दहा मिनिटे कमी असताना नाव उमटले. ती रडली वगैरे नाही. नुसती म्हणाली, "निघाले. त्यांची वेळ हीच."

मग ती रोज येऊ लागली. सहाला येई, आठच्या आत उठे. तिच्याबरोबर कधी एक, कधी दोन बायका असत. मी आजवर कुठल्या देवळाची पायरी चढलो नव्हतो, आणि आता माझ्याच दाराशी चपलांची रांग लागत होती. एकदा कुणीतरी लॅपटॉपशेजारी अबोलीचा गजरा ठेवला. मी तो उचलून कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी दोन होते.

मला खरे अस्वस्थ केले ते एका संध्याकाळने. उत्तरेचा जोराचा वारा सुटला होता, खिडक्या आपटत होत्या. सात वाजले, साडेसात वाजले, नाव आले नाही. मला सुटल्यासारखे वाटले. वहिनी पिशवी घेऊन उठली. "वारं हाय," ती म्हणाली. "आज जायचे नायत." आणि वारा पडल्यावर तिसऱ्या दिवशी ते नाव आपल्या वेळेवर आले.

मी तिला समजावून पाहिले. "ताई, हा डबा बॅटरीवर चालतो. कुणीतरी रोज ती चार्ज करतंय."

"मंग? त्यांना चार्जिंग करता येत नाय काय?"

बायको स्वयंपाकघरातून माझ्याकडे पाहत होती. ती नंतर हळू आवाजात म्हणाली, "तुम्हाला माहीत आहे का, तिचा मुलगा मुंबईत आहे? खोली घेतलीय त्याने. मे महिन्यात ती कायमची जाणार होती त्याच्याकडे. परवा तिकीट रद्द करायला सांगितलं."

म्हणजे मी एक अँटेना आठ फूट लांब घेतली आणि ती उंच बांधली, एवढ्याने ती बाई उरलेले आयुष्य माझ्या बैठकीतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर घालवणार होती. मी वही काढून पंधरा दिवसांच्या नोंदी पुन्हा पाहिल्या. नाव संध्याकाळी येते, पहाटे जाते, वारा असला की येत नाही, रात्रभर भरती-ओहोटीबरोबर वाहते. हे वागणे बोटीचे नव्हते, तरत्या जाळ्याचे होते. कुणीतरी जाळ्याच्या टोकाच्या बोयाला तो डबा बांधत असणार, मोठ्या जहाजांनी जाळे चिरून जाऊ नये म्हणून. हे मला पहिल्या आठवड्यातच सुचायला हवे होते. खरे सांगायचे तर सात वाजत आले की मीही त्या पडद्याकडे थोडा वेगळ्या नजरेने पाहू लागलो होतो.

भाऊला सांगितले. तो म्हणाला, "मंग अँटेना काढूनच टाका."

"काढली तर ती दुसऱ्या कुणाच्या अँटेनाखाली जाऊन बसेल. जाऊन बघू या."

दोन दिवसांत त्याने लांब अँटेना डोलकाठीच्या टोकावर चढवली. खाली बसवावी, हा सल्ला त्याने पुन्हा दिला नाही. निघायच्या दुपारी धक्क्यावर वहिनी पिशवी घेऊन उभी होती.

"वहिनी, तुम्ही कुठे? उलट्या होतील," भाऊ म्हणाला.

"होऊ देत. होडीत जागा नाय काय?"

जागा होती. वारा अगदी कमी होता, म्हणून शीड आणि मोटर दोन्ही चालवत आम्ही वायव्येला निघालो. किनारा मागे सपाट होत गेला. गणपतीपुळ्याच्या बाजूचे डोंगर निळे झाले, मग राखाडी झाले. वहिनीला उलट्या झाल्या नाहीत, भाऊला झाल्या. सूर्य बुडाला आणि पंधरा मिनिटांनी पडद्यावर ते नाव उमटले. अंतर तीन मैल, आमच्या अगदी समोर.

दोन मैल. एक मैल. समोर काहीच दिसत नव्हते. पाणी शिशासारखे झाले होते आणि आकाशही त्याच रंगाचे, त्यामुळे दोन्हींमधली रेषा हरवली होती. अर्धा मैल. या अंतरावर बोट असेल तर दिसायलाच हवी, दिवा नसला तरी. भाऊ पुढे डोलकाठीला धरून उभा होता. वहिनी पडद्याकडे बघत नव्हती. ती पाण्याकडे बघत होती आणि तिचे ओठ हलत होते. मी मोटर बंद केली. तीनशे मीटर, म्हणाले यंत्र. दोनशे. मला कोळशाच्या जहाजाच्या वेळी वाटली नव्हती तशी भीती वाटली, आणि ती कसली हे मला नीट सांगता येणार नाही. समोर काहीही असते तरी ते मला चालले असते.

मग भाऊने हात केला. पाण्यावर एक थर्माकोलचा बोया, त्यात उभा केलेला बांबू, बांबूला काळे फडके आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला एक डबा. डब्यावर एक हिरवा ठिपका लुकलुकत होता.

भाऊने बोया ओढून घेतला, गाठ सोडली आणि डबा मांडीवर घेतला. तेवढ्यात दूरवर एका लाँचवर दिवा लागला आणि ती भरधाव आमच्याकडे आली. दुसऱ्याच्या जाळ्याला हात लावणे म्हणजे समुद्रावर घरफोडी. लाँचचा चालक, तांडेल, पुढच्या टोकावर उभा राहून ओरडत होता. होडीत एक म्हातारा, एक आजारी माणूस आणि एक बाई पाहिल्यावर त्याचा आवाज खाली आला.

"काय वो, जाळं कापताय काय?"

"डबा कुठून घेतलास?" भाऊने विचारले.

"भंगारवाल्याकडून. का, चोरीचा हाय काय?"

"त्याच्यावर नाव कुणाचं हाय, माहीत हाय?"

"मला काय करायचंय नावाशी? लाइट लागतो, जहाजं बाजूने जातात. गेल्या साली दोन जाळी चिरली माझी." तो थांबला. "कुणाचं हाय?"

"माझ्या मालकांचं," वहिनी म्हणाली.

लाँचचे इंजिन बंद झाले. मोटर नाही, वारा नाही, नुसते पाणी लाकडाला लागत होते. तांडेल कठड्याशी खाली बसला. भाऊने पिशवीतून लॅपटॉप आणि वायर काढली, डबा जोडला, आणि थांबला. त्याचा हात पुढे जाईना.

"हे असं पुसायचं नसतं, वहिनी. डबाच सोडू या पाण्यात. फळीसारखा."

"आणि यांचं जाळं?"

भाऊने बोयाकडे पाहिले.

"फळी त्यांच्याबरोबर गेली," ती म्हणाली. "पाण्यातच गेली ना? फक्त नारळ राहिला." तिने तांडेलाकडे पाहिले. "हाय काय?"

लाँचवर असतोच. त्याने नारळ पुढे केला. तिने तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि पाण्यात सोडला. नारळ थोडा वेळ आमच्या बाजूलाच घुटमळला. मग तिने गळ्यातले मंगळसूत्र काढून पिशवीत ठेवले, जणू चष्माच काढून ठेवते आहे. "आता लिहा. त्यांच्या बोटीचं नाव लिहा."

भाऊने तांडेलाला त्याच्या बोटीचे नाव आणि नंबर विचारला, एकेक अक्षर टाइप केले आणि बटण दाबले. डबा क्षणभर विझला. परत लागला तेव्हा माझ्या पडद्यावर आमच्या शेजारी एक नवा त्रिकोण होता, नव्या नावाचा.

पण जुनाही होता. हे मी वाचले होते, पण पाहिले नव्हते: एखाद्याचे बोलणे थांबले तरी यंत्र त्याला लगेच सोडत नाही. सहा-सात मिनिटे ते त्याच्या शेवटच्या वेगाने आणि दिशेने त्याला पुढे नेत राहते. डबा भाऊच्या मांडीवर होता, आणि ते नाव आमच्यापासून सुटून पश्चिमेला सरकत होते. अर्धा नॉट. पन्नास मीटर. सत्तर. त्या बाजूला पाण्यावर काही नव्हते. आम्ही तिघे आणि कठड्यावरून वाकलेला तांडेल पडद्याकडे बघत होतो. त्रिकोणावर एक आडवी रेघ आली. थोड्या वेळाने तिथे नुसता समुद्र राहिला.

तांडेल डबा घेऊन बोयाकडे गेला.

वहिनीने पिशवीतून मोबाइल काढला, पडद्याजवळ धरला आणि माझ्याकडे पाहिले. "इथून मुंबईला लागेल काय, सर?"

"इथून नाही. खाडीच्या तोंडाशी रेंज येईल."

"मंग चला. पोरगा जागा असेपर्यंत पोचायला हवं. तिकीट काढायला सांगायचंय."